अलकाच्या नावाची मूठ

बुधवारा, बऱ्हाणपूर
श्रावण, कानबाई उठली त्याचा दुसरा दिवस, १९५६

चि. अलका हिला तिच्या मोठ्या आईचा पोटभर आशीर्वाद.

नावाच्या आधी 'सौ.' लिहिलं नाही म्हणून तोंड फुगवू नको. त्याला कारण आहे, पुढं सांगते. आधी खबर ऐक. मी जिंकले! तुझ्या बापाला, माझ्या दत्तूला हरवलं, आणि ते पण त्याच्याच बोलण्यात.

अक्षर कसं आहे सांग. तुझ्याच पाटीवर शिकलेलं आहे, वाकडं असलं तर मास्तरणीचा दोष. 'ज्ञ' मला अजून येत नाही, म्हणून ज्ञानेश्वराच्या मंदिराचं काही लिहीत नाही. (हा बघ, तुझ्या धाकटीनं, मंगलानं काढून दिला.)

तर तू संक्रांतीनंतर नागपूरहून कळवलंस ना, वसंताशी रजिस्टर मॅरेज केलं म्हणून, तेव्हापासून दत्तूची दोन तोंडं झालीत. घरात म्हणतो, "सह्या केल्यानं लग्न होतं का? हे लग्नच नव्हे." आणि बाहेर कुणी विचारलं, "दत्तात्रयराव, मोठीचं काय?" की मान वर न करता म्हणतो, "ती मॅरीड आहे. नागपूर." बस्स. समोरचा गप. इंग्रजी शब्द ऐकला की माणसाला वाटतं जावई मामलेदार असणार. त्या शब्दाचं मला नवल वाटतं बघ. पाहुणे आले की फाटक्या गादीवर चांगली चादर टाकतो ना आपण, तसा तो टाकतो. शेजारची गोदाबाई पण काही कमी नाही. तिच्या तोंडी मंगलाचं 'लग्न' व्हायचंय आणि अलकानं 'मॅरेज केलं'. म्हणजे एकीचं चांगलं आणि एकीचं वाईट, हे न सांगता सांगून टाकते. मी तिला म्हटलं, "गोदे, तुझं काय झालं होतं मग? तुझ्या नवऱ्यानं तर बोहल्यावर झोप काढली होती." आता आठ दिवस ताक मागायला आली नाही.

असो. शनिवारी कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढायला बसलो, मी आणि तुझी आई. तुला ठाऊक आहेच, कुणाकडे फक्त बाप्या माणसांच्या नावानं मूठ घेतात, आपल्याकडे माझ्या सासूपासून कुवार पोरींच्या पण घेतात. पोरीचं लग्न झालं की तिची मूठ बंद. मग तिनं माहेरच्या रोटाला हात लावायचा नाही, तो फक्त घरच्यांचा. दत्तूच्या नावाची घेतली, बारक्या उषाची घेतली, मंगलाची घेतली. आणि मग मोठ्यानं म्हटलं, "ही अलकाच्या नावाची."

दत्तू दाढी करत होता. आरसा खाली ठेवला.

"माय, ती मॅरीड आहे."

"ते इंग्रजीतलं मला कळत नाही बाबा. मराठीत सांग. अलकाचं लग्न झालं का?"

त्यानं ब्रश साबणात फिरवला.

"झालं म्हण. मूठ कोठीत परत टाकते. मग लेक-जावयाला घरी आण, साडी-चोळी कर. नाही झालं म्हण, तर पोरगी अजून आपली, तिच्या वाट्याचा रोट निघणार. कचेरीत दोन्हीकडून बोललेलं चालत असेल, कानबाईपुढं चालत नाही."

अर्ध्या गालाला साबण तसाच. तुझ्या आईनं पदर तोंडावर धरला, हसत होती की दुसरं काही, मला दिसलं नाही. शेवटी त्यानं दाढी पुरी केली, टोपी घातली आणि गेला. झालं पण म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. मूठ सुपात राहिली!

आता कळलं ना 'सौ.' का नाही ते? मी सौ. लिहायचं आणि ते कुणी वाचायचं, मग माझा मुद्दाच गेला. तू माझ्यासाठी सौ. आहेसच, पण कागदावर थोडे दिवस कुवारी राहा.

तुझ्या वाट्याचा रोट मीच खाल्ला. पुरण छान झालं होतं.

वसंतरावांना आशीर्वाद. छापखान्यात उभं राहून अक्षरं जुळवतात म्हणतेस, तर पायाला तेल लाव त्यांच्या.

तुझी
मोठी आई


बुधवारा, बऱ्हाणपूर
दिवाळीचा पाडवा, १९५६

चि. अलका,

तुझं कार्ड आलं. मंगलानं वाचून दाखवलं, मग मी एकटीनं वाचलं, बोट ठेवून. तू लिहिलंस, 'मोठी आई, मला साडी नको, मानपान नको. ती मूठ तेवढी राहू दे. वर्षातून एकदा त्या घरात माझं नाव मोठ्यानं घेतात, एवढं मला पुरतं.' अगं वेडे, मूठ राहणारच. मी आहे तोवर कोण काढतो बघते.

एक खोटं लिहिलं होतं मागच्या वेळी. तुझा रोट मी नाही खाल्ला. पुनवेच्या आत संपवायचा असतो, मी तो झाकून ठेवला होता. बघते तर दत्तू चुलीपाशी बसून खात होता. वाळून खापर झालेला. सोबत भाजी नाही, दूध नाही. मला बघून म्हणाला, "अन्न टाकायचं नसतं." मी म्हटलं, "हो ना." मग म्हणाला, "तिला लिहू नको." मी म्हटलं, "मला कुठं लिहिता येतं?" तर असं आहे. तू पण वाचलं नाही असं समज.

इकडं दिवाळीसोबत राज्य पण बदललं. तुमचं नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही भोपाळकडे. दत्तूच्या कचेरीतले सगळे ओट्यावर बसून त्या राज्यबदलावरच बोलतात. आता कागद हिंदीत करावे लागणार, त्याचं दत्तूला फार ओझं झालंय. मी म्हटलं, "आपण चूल पण हलवली नाही आणि परक्या राज्यात गेलो. मग पोरगी उंबरा ओलांडून गेली त्याचं काय एवढं?" त्यानं पेपर तोंडापुढं धरला. उलटा होता की काय कोण जाणे, हलत तर होता.

आता खरी आनंदाची बात. मंगलाला स्थळ आलं! इच्छापूरचे भाईदास पाटील, केळीची बागाईत, मुलगा प्रकाश, बँकेत आहे. पोरगा चांगला आहे गं. मंगलाला बघायला आला तर तिला विचारतो, तुम्हाला काय आवडतं. आपल्या घरात बायकांना हे कुणी विचारलं होतं? ती म्हणाली, "पेरू." सगळे हसले, तो नाही हसला. दुसऱ्या खेपेला पेरू घेऊन आला! तेव्हापासून मंगला भिंतीशी पण गोड बोलते.

पण त्या घरात लग्नाचा एक शब्द मराठीत उरला नाही. साखरपुड्याला एंगेजमेंट म्हणतात. पत्रिकेला वेडिंग कार्ड. भाईदास स्वतः धोतर नेसतो, तपकीर ओढतो, आणि तोंडानं म्हणतो, "आमच्या प्रकाशची वाईफ शिकलेली पाहिजे." त्याची बायको मला म्हणाली, "कुंकू-नारळावर भागवू नका हो आजी, रिंग सेरेमनी पाहिजे." मी म्हटलं, "करू की, बोटं आहेत आमच्या पोरीला." मला काही वाईट वाटत नाही. नवीन भांड्यात पाणी गोडच लागतं. तुझ्या आजोबांनी मला जन्मभर नाव घेऊन हाक नाही मारली, 'ऐकलं का' म्हणायचे. त्यापेक्षा वाईफ बरं. निदान हाक तरी आहे.

दत्तू पण त्यांच्यात गेला की त्यांच्यासारखाच बोलतो. "माझी मोठी मॅरीड आहे, एज्युकेशन लाईनमध्ये." छापखान्याचं नाव काढलं नाही. त्यांनी माना डोलावल्या. पुढं विचारलं नाही.

एंगेजमेंट माघात आहे. तू ये. दत्तूला अजून विचारलं नाही, पण तू ये म्हणजे यायची तयारी ठेव. धाकटीच्या साखरपुड्यात मोठ्या बहिणीनं ओटी भरायची असते, दुसरं कोण भरणार? मंगला पण तेच म्हणते. तिनं तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय, पाटाच्या उजव्या अंगाला.

तुझी
मोठी आई


बुधवारा, बऱ्हाणपूर
माघ वद्य, १९५७

चि. अलका,

उशिरा लिहिते. हात दुखत होता. थंडी फार होती यंदा, तुकईथडला देवरामभाऊच्या बागेत केळी काळ्या पडल्या. त्यानं तरी केळ्यांचं एक लोंगर पाठवलं, ते अजून माडीवर टांगलेलं आहे. पिकतंय, खाल्लं जात नाही. माव्याची जिलेबी पण उरली होती, ती गोदाबाईला दिली. ती रडली. गोदाबाई रडली गं, विचार कर.

तू आली नाहीस ते बरं झालं. मी 'ये' म्हटलं, मग मंगलाकडून 'येऊ नको' असं कार्ड लिहून घेतलं, तुला राग आला असेल. दत्तू म्हणाला होता, "माय, पोरीचं होऊन जाऊ दे. मग बघू." मला वाटलं, होऊन जाऊ दे. एक बाजूला लागली की दुसरीला हात घालू. मी तुला मागं ठेवलं असं नको समजू. एका वेळी एकच भाकरी तव्यावर पडते.

सांगते, सांगते.

सगळं मांडलं होतं. मंगला पाटावर, अंजिरी शालू तुझ्या आईचा. प्रकाश समोर, खिशात अंगठीची डबी. सगळी पंच मंडळी गादीवर. तुझ्या आईनं ओटीचं ताट उचललं आणि भाईदासची बायको म्हणाली, "थांबा. मोठी बहीण असते ना या मानाला? ती कुठंय?"

दत्तू म्हणाला, "ती मॅरीड आहे. नागपूर."

"ते ऐकलं," भाईदास म्हणाला. तपकिरीची डबी मिटली त्यानं. "पण बऱ्हाणपूरच्या लग्नाचा बँड इच्छापुरात ऐकू येतो, दत्तात्रयराव. हा आला नाही. आम्ही चौकशी केली. रजिस्टर मॅरेज आहे म्हणे. आणि मुलगा आपल्यातला नाही."

मी मंगलाकडे बघत होते, ती प्रकाशकडे बघत होती, आणि तो गादीवरच्या वेलबुट्टीकडे.

पण भाईदास आवाज चढवून नाही बोलला. फार मवाळ बोलला. "आमचं म्हणणं मोठं नाही. मुलगी आम्हाला पसंत आहे. तुम्ही फक्त पाच जणांत एवढं सांगून टाका, की ते काही लग्न नव्हे आणि त्या पोरीशी या घराचा संबंध नाही. झालं. लगेच अंगठी घालू."

अलका, माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, सोपं आहे. हेच तर तो घरात वर्षभर म्हणतोय! दाढी करताना म्हणतो, जेवताना म्हणतो. एकदा अजून म्हणेल, मंगलाच्या बोटात अंगठी पडेल, आणि मी तुझ्या नावाची मूठ घेत राहीन. खोटं कशाला बोलू, मी मनात म्हटलं, म्हण बाबा, म्हणून टाक.

दत्तू उभा राहिला. टोपी सारखी केली. दोनदा तोंड उघडलं. मग म्हणाला, "माझ्या अलकाचं लग्न झालंय."

मराठीत म्हणाला. साध्या आवाजात, भाजी काय आहे विचारतात तसं.

भाईदास म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्याला लग्न म्हणता?"

"लग्न झालंय. जावयाचं नाव वसंत. छापखान्यात नोकरी करतो. आणि तिचं नाव घ्यायचं तर नीट घ्या."

मग जे व्हायचं ते झालं. ते उठले. प्रकाश सगळ्यांच्या मागून गेला, डबी हातातच. जोडा घालताना त्यानं एकदा मागं बघितलं, पण मंगला तेव्हा केसांतला गजरा सोडवत होती, तिनं पाहिलं नाही. आता विचारते मला, "मोठी आई, त्यानं मागं वळून बघितलं का?" मी म्हणते, नाही. नाही म्हटलेलंच बरं ना?

ती कुणावर चिडली नाही. त्या दिवशी तिनंच पाट उचलले, जाजम झटकलं. दत्तू पलीकडे बसला होता, त्याला पाणी नेऊन दिलं. तो म्हणाला, "मंगले, मी तुझं..." ती म्हणाली, "नाना, पाणी घ्या." एवढंच. तेव्हापासून ते दोघं एकमेकांशी फार सांभाळून बोलतात, जसं कुणी आजारी आहे घरात.

गावात आता म्हणतात, मंगलाची एंगेजमेंट कॅन्सल झाली. साखरपुडा मोडला असं कुणी म्हणत नाही. चादर टाकतात.

तू स्वतःला दोष द्यायचा नाहीस. ऐकतेस ना? एवढ्यासाठीच हात दुखत असताना लिहिलं.

मोठी आई


बुधवारा, बऱ्हाणपूर
श्रावण, कानबाई उठली त्याच संध्याकाळी, १९५७

चि. सौ. अलका वसंत हिला तिच्या मोठ्या आईचे अखंड सौभाग्याचे आशीर्वाद.

बघितलंस वर? लिहिलं! हात फिरवून, टिंबासकट. मंगला म्हणाली छान आलंय.

माघापासून तू एकही कार्ड टाकलं नाहीस. मी पोस्टमनला विचारणं सोडलं, तो बिचारा आता आमच्या दारावरून मान खाली घालून जातो. तू गप का आहेस मला कळतं. प्रकाशचं लग्न वैशाखात झालं, रावेरची मुलगी केली, हे तुला कुणी कळवलं असेल तर त्यावरून पण काही मनात घेऊ नको. मंगला शिवणाच्या क्लासला जाते. पेरू खात नाही, पण ते काय, सर्दी होते त्यानं.

आज मी फार आनंदात आहे, म्हणून बसले लिहायला.

शनिवारी गहू काढायला बसलो. दत्तूच्या नावाची घेतली, उषाची घेतली, मंगलाची घेतली. मग मी हळूच, गेल्या साली मोठ्यानं म्हटलं होतं पण यंदा हळूच, "अलकाच्या नावाची" म्हणून घेतली. दत्तू दारात उभा होता. मला वाटलं कचेरीत गेला.

"माय," म्हणाला, "ती मूठ परत टाक."

मी म्हटलं, "राहू दे रे. एक मूठ गव्हानं काय होतं."

"तिचं लग्न झालंय, माय."

"मला काय माहीत? तूच म्हणायचास ते लग्न नव्हे. मॅरेज आहे म्हणायचास. मॅरेजचं कानबाईला काय कळतं? मॅरेज म्हण ना रे. एकदा म्हण." मी त्याच्या हाता-पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. तुझं कार्ड माझ्या कनवटीला होतं, मूठ तेवढी राहू दे म्हणून लिहिलेलं.

तो माझ्याजवळ उकिडवा बसला. लहानपणी रुसला की बसायचा तसा. म्हणाला, "पाच माणसांत मी झालं म्हणालो. मंगलाला त्याची किंमत पडली. आता घरात येऊन मी ते नाही झालं असं करू? मग मंगलाचं कशासाठी गेलं?"

मंगला जात्यापाशी होती. ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझी बोटं एक एक करून उघडली. मी दाबून धरली होती हे मला तेव्हा कळलं. गहू कोठीत पडले. मी आत वाकून बघितलं गं. सगळे सारखे. कुठले तुझे, कुठले बाकीचे, सांगता येईना.

पण आनंदाचीच गोष्ट आहे ही. तुझ्या बापानं तुझं लग्न घरात, देवीसमोर, मराठीत मान्य केलं. आता तुला कुणी काही म्हणू शकत नाही. मी हेच मागत होते ना दीड वर्ष? मिळालं. काल रोट झाले, वास साऱ्या बुधवाऱ्यात. दत्तूनं आपला वाटा खाल्ला आणि ताटावर हात तसाच ठेवून बसला, जसं अजून काही यायचंय. गेल्या साली जास्तीचा खाल्ला होता, ती सवय. मग उठला.

आज तापीवर कानबाई पोचवून परत येताना मला म्हणाला, "तिला लिही. आखाजीला मी स्वतः आणायला येईन. जावयांना पण विचारावं लागेल, त्यांना सुट्टी मिळते का बघायला सांग." आखाजीला लेकी माहेरी येतात, तसं तुला आणणार. झोका बांधणार म्हणतो. तू किती मोठी झालीस हे त्याच्या ध्यानात नाही.

तर ये. कार्ड टाकू नको हवं तर, नुसती ये. श्रावणात मात्र येऊ नको बाय, रोट झाकून ठेवावा लागेल तुझ्यापासून, ते मला जमायचं नाही. एरवी कधीही ये. त्या कोठीतल्याच गव्हाच्या पोळ्या रोज होतात. तुझी मूठ त्यातच आहे कुठंतरी. आणि पोळी पाहुण्यालाही चालते.

तुझी
मोठी आई